अर्धा शब्द आणि गंजलेला सायलेन्सर

उन्तो पीपारिनेनला वाक्य पूर्ण करताना कुइक्कावारा गावात कुणी पाहिलेलं नव्हतं. तसं त्या गावात कुणीच फार बोलत नाही. शेजारी शेजाऱ्याकडे येतो, पायरीवर बसतो, दोन कप कॉफी पितो, तळ्याकडे बघून "हं" म्हणतो आणि घरी जाऊन सांगतो, की आज अगदी घसा बसेपर्यंत गप्पा झाल्या. पण असल्या गावातही उन्तो घुम्या म्हणून गाजलेला होता. विजेच्या तारा ओढण्यात त्याची उभी हयात खांबावर गेली, आणि खांबावर माणूस बोलणार कुणाशी? खालून कुणी काही विचारलं तर वरून "हो" नाहीतर "ना" टाकायचं. नाहीमधला "ही" वरच राहायचा. शब्दाचा शेवट खाऊन टाकायची सवय त्याला तिथेच लागली. सुरुवातीवरून समोरच्याला कळतंच, मग शेपूट कशाला ओढत बसायचं, असं त्याचं म्हणणं होतं. अर्थात हे म्हणणंही त्यानं कधी पुरतं मांडलं नव्हतं.

त्याची बायको हिल्क्का मात्र बोलायची. त्या गावाच्या मानानं बोलायची, म्हणजे जेवताना एखादं वाक्य आणि शनिवारी सौनात, त्या लाकडी वाफेच्या खोलीत, बरीच. एरवी ती गुणगुणायची. बटाटे सोलताना, मोजे विणताना, बर्फ लोटताना तिच्या नाकातून बारीक, उंच सूर चालू असायचा. उन्तोला तो सूर म्हणजे घरात वीज असल्यासारखा वाटायचा. आहे तोवर लक्ष जात नाही.

घोळ सुरू झाला तो सौनात. नवराबायको शनिवारी फळीवर बसलेले. उन्तोनं तापल्या दगडांवर डावभर पाणी टाकलं. दगड जिवाच्या आकांतानं फसफसले, वाफेचा लोट दोघांच्या तोंडावर आला, आणि उन्तोनं विचारलं, "पडलं का?"

"काय पडलं का?"

"पाणी."

"कातडी सोलून निघतेय तुझी, आणि विचारतोस पडलं का?"

दुसऱ्याच आठवड्यात हिल्क्का त्याला काजानीला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. डावा कान जवळजवळ गेला होता. उजव्या खांद्यावर बंदूक धरणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो. वडिलांच्या त्या बंदुकीनं इतक्या हंगामांत मूस, ती घोड्याएवढी सांबरं, किती मारली ते सोडा, कान मात्र अचूक टिपला होता. "गेलं ते परत येत नाही," बाई म्हणाल्या. "उरलंय ते सांभाळा. आणि लक्षात ठेवा, वरचे सूर आधी जातात."

हे शेवटचं वाक्य उन्तोच्या नेमकं उजव्या कानात पडलं आणि तिथेच बसलं.

घरी आल्यावर हिल्क्कानं सोक्षमोक्ष लावला. "या हंगामाआधी त्या तोफेला काहीतरी बसव. जगातल्या सगळ्या शहाण्यांच्या बंदुकांना सायलेन्सर आहे. नाही बसवलास तर मी ओउलूला बहिणीकडे जाऊन राहते. मला भिंतीशीच बोलायचंय, तर तिच्या भिंतींना निदान नवा कागद तरी लावलाय."

उन्तो म्हणाला, "ह्म्."

या "ह्म्"चा अर्थ असा होता, की तुझं बरोबर आहे, मी घाबरलोय, तुझं बोलणं ऐकू येईनासं होईल या विचारानं मला झोप लागत नाही, मी उद्याच काहीतरी करतो आणि एकदम आणून तुला चकित करतो. हिल्क्काला त्यातलं फक्त "ह्म्" मिळालं.

दुसऱ्या दिवशी तो गुपचूप काजानीला ओइवाच्या दुकानात गेला. ओइवा बंदुका विकायचा, दुरुस्त करायचा, आणि गावातल्या सगळ्यांचं न बोललेलं बोलणं एकटा भरून काढायचा.

"सायलेन्सर? उन्तो, तू? तुझे वडील म्हणायचे, बार ऐकू आला नाही तर गावाला कळणार कसं! बरं, हे बघ. आधी एक समजून घे. सिनेमातल्यासारखं 'फुस' होत नाही. आवाज होतोच, पण कानाचा पडदा फाडणारा झटका मोडतो. आता निवडायचा कसा? गोळीपेक्षा भोक लहान नको, नाहीतर गोळी जाताना त्यालाही बरोबर घेऊन जाईल. भोक फार मोठं असलं तर फरक कमी पडेल. आणि लांबी बघ. हा सगळा नळीच्या पुढे येतो. झाडीत वळलास की फांदीला आधी हा भेटणार. हा दुसरा अर्धा मागे सरकून नळीवरच बसतो, पुढे फार नाक काढत नाही. वजन बघ. पोलाद मजबूत, पण बंदूक तोंडावर आपटल्यासारखी पुढे वाकते. हलक्या धातूचा घे, दिवसभर उभं राहायचंय तुला."

उन्तोनं ऐकून घेतलं. मग त्याला आठवलं, की वसंतात शिकारटोळीतल्या सुलो तुह्कानेनची लाकडं फोडून दिली, तेव्हा सुलो म्हणाला होता, "त्या भंगाराच्या खोक्यातलं हवं ते घेऊन जा." त्या खोक्यात चुलीच्या धुराड्याएवढा एक जुना सायलेन्सर होता. खांबावरच्या माणसाला नवं घ्यायची सवय नसते. तारेचा तुकडासुद्धा तो खिशात घालून उतरतो.

चार दिवसांनी ते धुराडं घेऊन तो परत दुकानात आला. ओइवानं ते हातात तोललं, आत डोळा लावला आणि सुस्कारा सोडला. "पोलादी. लांबलचक. कुठल्यातरी रानगव्याच्या बंदुकीचं असणार. चालेल, पण यापेक्षा आखूड, हलका बघ रे." उन्तो हलला नाही. शेवटी ओइवानं नळीच्या टोकाला आटे पाडून दिले, नवीन नेम कागदावर लावून दिला, कारण सायलेन्सर लावला की गोळी आपली जागा बदलते. मग काळजी कशी घ्यायची ते सांगितलं. "दर वेळी बार काढण्याआधी हातानं घट्ट आहे का बघायचं. आट्यांना किंचित ग्रीस. आत काही खुळखुळलं तर बार काढायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शिकार झाली की काढून ठेव. आत काजळी असते, पाणी असतं; दोघं रात्रभर एकत्र राहिले तर गंज धरतो."

ओइवा हे सगळं उन्तोच्या डाव्या बाजूला उभा राहून सांगत होता. "काढून ठेव" यातलं "काढून" वाटेतच मेलं. "ठेव" तेवढं पोचलं. उन्तोनं ठेवला.

बंदुकीसकट पिशवीत घालून, ओल्या मोज्यांशेजारी, शिकारखोपीच्या खुंटीवर पंधरा दिवस ठेवला.

सुलो तुह्कानेन हा शिकारटोळीचा म्होरक्या. ताठ, ब्रह्मचारी, पँटला इस्त्री करणारा. फार पूर्वी तळ्याकाठच्या नाचमंडपात तो एक अख्खा उन्हाळा हिल्क्काबरोबर नाचला होता. मग शरदात उन्तोनं काही न बोलता हिल्क्काच्या घरची बिघडलेली वीज दुरुस्त करून दिली. त्या गावात यालाच प्रेमपत्र म्हणतात. तेव्हापासून सुलोनं ना लग्न केलं, ना त्या उन्हाळ्याचा विषय काढला. दर वर्षी शिकारीच्या दिवशी हिल्क्काच्या हातचं सूप मात्र तो उभ्यानं प्यायचा.

शिकारीचा शनिवार उजाडला. सगळे आपापल्या ठरल्या जागी उभे राहिले, कुत्री जंगलात सुटली. खोपीत हिल्क्का चुलीवर मोठं पातेलं चढवून बसली होती. खिडकीत टोळीचा रेडिओ चालू होता, म्हणजे मंडळी कधी येणार त्या अंदाजानं बटाटे सोडता येतात. उन्तो आपल्या खडकाशी उभा होता. हातानं घट्ट आहे का बघायचं, हे त्याला आठवलं. त्यानं बघितलं. सायलेन्सर घट्ट होता, इतका, की नळीतूनच उगवला असावा. हलवल्यावर आत काहीतरी खुळखुळलं. मग टोकातून तांबडं पाणी ठिबकलं.

उन्तो कामाला चोख माणूस. अशा बंदुकीनं बार काढायचा नसतो, आणि ते म्होरक्याला कळवायचं असतं. त्यानं रेडिओचं बटण दाबलं.

आता इथे थोडं व्याकरण. तिकडच्या भाषेत सायलेन्सरला म्हणतात "वाइमेन्निन", आणि बायकोला म्हणतात "वाइमो". शिवाय त्या भाषेत तो, ती, ते असला भेदच नाही; बायको, बादली आणि बंदूक, तिघींना एकच सर्वनाम पुरतं. मराठीत सांगायचं तर कुठलंतरी एक लिंग घ्यावंच लागतं. तेव्हा त्या दिवशी ऐकणाऱ्यांनी जे घेतलं तेच घेऊ. उन्तोनं नेहमीप्रमाणे शब्द अर्धा झाला की बटण सोडलं. उरलेलं खरखरीनं खाल्लं.

"सुलो."

"बोल, उन्तो."

"वाइम... अडकलीय."

"अडकलीय म्हणजे?"

"फिरत नाही. आत खुळखुळतंय काहीतरी. गंजलीय."

"उन्तो, हे काय बोलतोयस?"

"काजानीत दाखवली. म्हणाले, जुनी आहे. लांब आहे. जड आहे. आखूड, हलकी बघ म्हणाले."

खोपीत हिल्क्काच्या हातातला बटाटा पातेल्यात न पडता जमिनीवर पडला.

"तेल लावलं," उन्तो पुढे म्हणाला. आज तो वाहवतच चालला होता. "उपयोग नाही. तुझीच होती ना? परत घे."

सगळ्या जंगलात शांतता पसरली. कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली असं नंतर गावात सांगत. पण कुत्री तेव्हा दलदलीत होती, त्यांना काही ठाऊक नव्हतं. मग रेडिओतून सुलोचा आवाज आला.

"विचार करतो. उद्या येतो."

पलीकडच्या टेकाडावर कालेर्वो उभा होता. भाबडा, पोट सुटलेला, दोनदा घटस्फोट घेतलेला. त्याला राहवलं नाही. "उन्तो, अरे, असल्या गोष्टी रेडिओवर बोलू नयेत रे."

"सगळ्यांना कळलेलं बरं," उन्तो म्हणाला. "अशी असली की धोका असतो."

जेवायला मंडळी खोपीत आली, ती टोप्या हातात घेऊन. कालेर्वो हिल्क्काला म्हणाला, "सूप फार छान झालंय." सूप त्यानं अजून वाढून घेतलेलंच नव्हतं. असं वाक्य त्या खोपीत याआधी कुणी उच्चारलं नव्हतं. दोघाजणांना ठसका लागला. सुलो आज उभ्यानं नाही, बसून प्यायला, आणि मध्येच केसांवरून हात फिरवला. हिल्क्कानं सगळ्यांच्या वाडग्यात मांसाचे मोठे तुकडे घातले. उन्तोच्या वाडग्यात गरम पाणी आणि एक गाजर होतं. गाजरही बहुधा चुकून आलं असावं. उन्तोनं ते पिऊन टाकलं. मीठ कमी वाटलं, पण बायकोला नावं ठेवणाऱ्यांतला तो नव्हता.

हिल्क्कानं बोलणं टाकलं. पण उन्तोशी बोलणं टाकण्यात मोठी अडचण ही, की ते त्याला कळायला हवं. गाडीत ती गप्प होती. उन्तोला वाटलं, निवांत आहे. घरी आल्यावर ती गप्प होती. उन्तोला वाटलं, दमली असेल. ती एकेक भांडं मुद्दाम हळुवार ठेवू लागली, म्हणजे आपला राग त्याच्या कानावर जावा. संध्याकाळी ती सौनात आली नाही. तेव्हा एकट्यानं फळीवर बसून उन्तोला जाणवलं, की आज दिवसभर तो बारीक, उंच सूर ऐकू आलेला नाही.

त्यानं टाळी वाजवली. ऐकू आली. खोकला, तोही ऐकू आला. म्हणजे कान आहेत. मग डॉक्टरीणबाईंचं वाक्य आठवलं, वरचे सूर आधी जातात. एवढंच उरलं होतं तर! बाकी सगळं जग जागच्या जागी होतं; नेमकी हिल्क्का तेवढी गेली होती.

तो ओल्या अंगानं स्वयंपाकघरात आला आणि तिच्या तोंडाकडे टक लावून बघत बसला. ओठ हलत नव्हते. पण ओठ न हलवताही हिल्क्का पुष्कळ बोलू शकते, हे त्याला अनुभवानं माहीत होतं. त्यानं अंदाजानं "हं" म्हटलं. हिल्क्का उठली आणि माळ्यावरून बॅग काढायला गेली.

रविवारी सकाळी उन्तोनं बंदुकीतल्या सगळ्या गोळ्या काढल्या आणि शेडमध्ये नेऊन तिला लोखंडी शिकंज्यात आवळलं. जे काही कान उरलेत ते वाचवायचे तर हा मेला गंजका दांडा आधी सुटायला हवा. त्यानं किटलीभर उकळतं पाणी ओतलं, तेल सोडलं, हातोडीनं ठोकलं. ठोकता ठोकता दारात सावली पडली.

सुलो होता. काळा कोट, लग्नामयतात घालायचा टाय, एका हातात कॉफीचं पाकीट, दुसऱ्या हातात वेलदोड्याचा गोड पाव. बाहेर पायरीवर हिल्क्का बॅग घेऊन टॅक्सीची वाट बघत उभी होती. घाईनं अंगणात शिरलेल्या सुलोला ती दिसलीच नाही.

"ये," उन्तो म्हणाला. "इथेच आहे."

"इथे? शेडमध्ये?"

"शिकंज्यात धरलीय."

"उन्तो. काय असेल ते असो, माणूस आहेस ना तू?"

"उकळतं पाणी ओतलं. हातोडी मारून पाहिली. आता तू इकडून धर, मी पाना लावतो."

"मी कशाला धरू?"

"तुझीच ना."

"मेल्या, जमाना झाला त्याला!" सुलो ओरडला. तो ओरडू शकतो हे त्याचं त्यालाच नवीन होतं. "एक उन्हाळा! नुसते नाचलो आम्ही!"

"आणि तेही वाईट," पायरीवरून आवाज आला. "माझ्या डाव्या पायाचा अंगठा अजून वाकडा आहे."

सुलो गर्रकन वळला. "हिल्क्का! तू सुटलीस?"

"मी कुठे अडकले होते?"

"शिकंज्यात!"

हिल्क्का बॅग घेऊन शेडच्या दारात आली आणि सुलोकडे असं बघू लागली, की पाव त्यानं दोन्ही हातांनी छातीशी धरला. पण उन्तो शिकंज्याकडेही बघत नव्हता आणि सुलोकडेही.

"हिल्क्का, आत्ता तू बोललीस?"

"बोलले."

"मला ऐकू आलं."

"मग काय हार घालू?"

"कालपासून येत नव्हतं. वाटलं, तुझा सूर गेला."

"मी बोलतच नव्हते, बहिऱ्या!"

"का?"

"का म्हणून विचारतोस? अख्ख्या टोळीला ओरडून सांगितलंस! गंजलेली, जुनी, जड! परत घे म्हणे! आणि हा बावळट टाय लावून घ्यायला आला!"

उन्तोनं शिकंज्याकडे बोट केलं. "वाइम..."

"बघ! परत!"

"नाही गं. वाइम..."

हिल्क्कानं बॅग जमिनीवर ठेवली. "शेवटापर्यंत बोल, उन्तो. जन्मात एकदा तरी."

उन्तोनं हात पँटला पुसले. खांबाच्या टोकावर चढताना घ्यायचा तसा श्वास घेतला.

"वाइमेन्निन."

शेडमध्ये तो अख्खा शब्द बराच वेळ उभा राहिला. हिल्क्कानं शिकंज्यातली बंदूक पाहिली, तिच्या टोकाला चिकटलेलं ते तांबडं धुराडं पाहिलं. सुलोनं टायची गाठ सैल केली.

"तू म्हणालीस ना, बसव," उन्तो म्हणाला. "म्हणून. सौनात तू काय बोलतेस ते मला ऐकू येत नाही. मी नुसतं हं हं करतो. आणि ते मला..."

"पूर्ण कर."

"...चालत नाही."

बाहेर टॅक्सी येऊन थांबली. हिल्क्का दारात गेली आणि म्हणाली, "बॅग न्यायची नाही. थांब, कॉफी घेऊन जा." मग तिनं बाही वर केली आणि पाना उन्तोच्या हातातून घेतला. "सुलो, धर तिकडून. आलायस तर उपयोगाला ये."

सुलोनं धरलं. हिल्क्कानं पान्यावर सगळं वजन टाकलं. कर्र असा आवाज झाला, आणि दांडा सुटून उरलेलं सगळं तांबडं पाणी सुलोच्या टायवर ओकला.

"मग मी परत काय न्यायचं?" सुलोनं हळूच विचारलं. त्यानं पहाटेच उठून घर झाडलं होतं.

"हे घे," म्हणत हिल्क्कानं ते धुराडं त्याच्या हातात ठेवलं. "तुझंच ना." त्याचा चेहरा पाहून मात्र तिनं त्याला पावाचा सर्वांत मोठा तुकडा कापून दिला, आणि त्यानं तो उभ्यानंच खाल्ला.

सोमवारी दोघं ओइवाकडे गेली. हिल्क्का उन्तोच्या उजव्या बाजूला उभी राहिली आणि ओइवाचं प्रत्येक वाक्य त्या कानात शेवटच्या अक्षरापर्यंत ओतत गेली. निवडलाही तिनंच. हलका, आखूड, अर्धा नळीवर मागे सरकून बसणारा. "हा बरा," ती म्हणाली. "मागे बसतो आणि फार नाक काढत नाही. हेच बघून मी नवरा केला होता, पण त्याला आटे नव्हते." आता शिकारीहून आलं की सायलेन्सर निघतो, पुसला जातो, तेलाचा हात लागतो, आणि सौनाच्या बाहेरच्या उबदार फळीवर उभा राहून वाळतो.

"काढलास का?"

"का..."

"पूर्ण."

"काढला."

पुढच्या शनिवारी उन्तो खडकाकडे निघताना हिल्क्कानं खोपीच्या खिडकीतून बजावलं, की झाला प्रकार रेडिओवर सगळ्यांना नीट सांगून टाक. उन्तोनं खडकाशी उभं राहून मनात वाक्य दोनदा घोकलं. मग बटण दाबलं. "ऐका सगळे. वाइमेन्निन गंजला होता. वाइमो नव्हती." पहिलं वाक्य छान गेलं. दुसऱ्याच्या शेवटी अंगठ्यानं जन्माची सवय दाखवली, आणि जंगलभर पोचलं ते एवढंच, "वाइमो नव्..."

"नवी?" कालेर्वोचा आवाज भरून आला. "अभिनंदन, उन्तो! मला सांगितलं असतंस तर आलो असतो रे."

त्या संध्याकाळी सौनात हिल्क्का हसून हसून फळीवरून घसरायला आली होती. ती हसत असल्याचं उन्तोला दिसत होतं, थोडंसं ऐकूही येत होतं. गेलं होतं ते गेलंच होतं. दगडांचा आवाज काही परत आला नव्हता. त्यानं डाव भरला, पाणी टाकलं, वाफ तोंडावर आली, आणि सवयीनं तो म्हणाला, "पडलं का?"

हिल्क्कानं त्याचा उजवा कान दोन बोटांनी धरून जवळ ओढला, तोंड अगदी लावलं आणि म्हणाली, "फस्स्स्स्स."

"ऐकू आलं," उन्तो म्हणाला, आणि पुन्हा डाव भरला.